खालचं दुकान चांगलं, पहाटेच्या गाड्या नाहीत

जुनी सांगवीत आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, पूर्वी जिथे फर्निचरवाला होता त्या दोन गाळ्यांत, मोबाइलवरून मागवलं की दहा-पंधरा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या एका कंपनीचं स्टोअर आहे. गिऱ्हाइकाला आत प्रवेश नसतो. आत रॅक, बाहेर पिशव्या घेऊन निघणारी पोरं. मी या स्टोअरचा गिऱ्हाईक आहे आणि त्याच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर राहतो. तेव्हा दोन्ही नात्यांनी लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव दिसलं की लोक आपापल्या ॲपची बाजू घेऊन भांडत बसतात आणि मुद्दा बाजूला राहतो.

आधी सेवेबद्दल, कारण ती चांगली आहे आणि ते सांगायलाच हवं. दूध थंडगार येतं, फुटकी पिशवी आजवर हातात पडली नाही. ब्रेडची तारीख ताजी असते. कोथिंबीर मंडईतल्या जुडीच्या मानाने महाग आणि थोडी, पण निवडत बसावं लागत नाही. केळी मात्र कच्ची पाठवतात, ती कोपऱ्यावरच्या गाडीवरूनच घ्यावीत. हिशेब चोख. एखादी वस्तू आली नाही तर पैसे त्याच दिवशी परत. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, सौ.च्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, आणि रात्री उशिरा नातवाला ताप भरला तेव्हा थर्मामीटर आणि ओआरएसची पाकिटं चहा उकळायच्या आत दारात आली होती. हे स्टोअर इथे नकोच, असं मी कधी म्हणणार नाही. सामान आणणारी पोरं अदबीने बोलतात, आणि त्यांच्या बऱ्याचशा गाड्या बॅटरीवरच्या असल्यामुळे त्यांचा आवाजही होत नाही. लोक चिडून त्या पोरांनाच बोलतात. पण त्रास त्यांचा नाही.

त्रास सुरू होतो पहाटे सव्वाचारच्या सुमारास, जेव्हा स्टोअरचा माल येतो.

माझी उभी हयात एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत गेली. गाडी शेडमध्ये शिरताना नुसत्या आवाजावरून बुश गेलाय, पाटा तुटलाय की सायलेन्सरचा क्लॅम्प ढिला झालाय हे सांगता आलं पाहिजे, असं आमचे जुने फोरमन म्हणायचे आणि तसं सांगायला शिकवायचे. त्यामुळे पहाटे खाली काय चाललंय हे मला अंथरुणात पडल्या पडल्या कळतं. पहिला येतो चौदा फुटी कंटेनर. गल्ली अरुंद, आत वळायला जागा नाही, म्हणून तो कोपऱ्यापासून उलटा आत येतो आणि तेवढा वेळ रिव्हर्सचं टूं-टूं चालू राहतं. थांबला की हँडब्रेक ओढल्यावर हवा सुटते, फुस्स. मग मागच्या दाराचा लोखंडी दांडा खटकन निघतो आणि दार कंटेनरच्या अंगावर आपटतं. त्यानंतर शटर, त्यानंतर ट्रॉली. पाऊण तासाने भाजीची पिकअप येते. तिचा फाळका साखळ्या सोडून तसाच खाली सोडून देतात. शेवटी दुधाची थंड गाडी. ती येते, उभी राहते आणि माल उतरेपर्यंत तिचं इंजिन चालूच असतं. सहा-सव्वासहाला सगळं संपतं आणि मग गल्लीत नेहमीची सकाळ सुरू होते: पेपरवाला, शाळेची रिक्षा, झाडूवाल्या ताई.

मी स्वतः साडेचारला उठणारा माणूस. पहिल्या पाळीची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. हे गाऱ्हाणं माझ्या झोपेचं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी नर्स आहेत, दुपारची पाळी संपवून रात्री साडेअकराला घरी येतात, जेवून आडव्या होईपर्यंत एक वाजतो. त्यांना जेमतेम तीन तास मिळतात. तिसऱ्या मजल्यावर बाळंतीण आहे. बाळ रात्रभर किरकिरतं आणि नेमकं पहाटे चारला शांत होतं. माझी सौ. दुखण्यामुळे कशीबशी दोनला झोपते. रात्रीच्या शेवटच्या दोन-तीन तासांत माणसाची झोप आपोआपच हलकी होते, गाढ झोपेचा वाटा आधीच संपलेला असतो. त्यामुळे जो आवाज मध्यरात्री कदाचित कळलाही नसता, तो पहाटे साडेचारला उठवून बसवतो. एकदा मोडलेली ती झोप पुन्हा लागत नाही.

आता शटरबद्दल जरा सविस्तर सांगतो. या सगळ्यात सगळ्यात वाईट आवाज शटरचा होता आणि तोच सगळ्यात सहज जाण्यासारखा होता.

रोलिंग शटर म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना चॅनेल, आणि वर ड्रमात स्प्रिंग. चॅनेलमध्ये रस्त्याची धूळ बसते, वंगण सुकतं, पट्ट्या कोरड्या घासत वर जातात. त्यात स्प्रिंगचा ताण कमी झाला असेल तर शटर जड होतं. मग माणूस ते दोन्ही हातांनी झटका देऊन वर फेकतो आणि खाली आणताना शेवटचा हातभर सोडून देतो. भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज येतो. पण खरा घात वेगळाच आहे. शटरचे ब्रॅकेट तुळईत ठोकलेले असतात, आणि त्याच तुळईवर आमच्या बेडरूमची जमीन. दणका लोखंडातून तुळईत जातो, तुळईतून स्लॅबमध्ये, आणि पलंगाच्या पायांतून वर. शेजारच्या गृहस्थांनी या आवाजासाठी चांगले पैसे घालून डबल काचेच्या खिडक्या बसवल्या. ट्रकचा आवाज थोडा कमी झाला, शटरचा तसूभरही नाही. तो खिडकीतून येतच नव्हता. खिडकीवाल्याने हे आधी सांगायला हवं होतं. ज्यांच्या घराखाली शटर आहे त्यांनी खिडक्यांवर खर्च करण्याआधी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

ट्रॉलीचंही तसंच. चाकं कडक नायलॉनची, खाली पेव्हिंग ब्लॉक. दोन ब्लॉकमधल्या प्रत्येक फटीवर चाक टक्क करून उडतं. भरलेली ट्रॉली त्या मानाने शांत असते, कारण वजनाने सगळं दाबून धरलेलं असतं. रिकामे क्रेट घेऊन परत निघाली की थयथयाट. ते रिकामे क्रेट ट्रकमध्ये फेकतात. फेकू नका, ठेवा, एवढं सांगितलं तरी निम्मा फरक पडतो. पण सांगणारा कोणी तिथे नसतो. हमाल रात्री अकरापासून जागे असतात आणि त्यांना पुढचं स्टोअर गाठायचं असतं.

गाड्या पहाटेच का येतात, हे स्टोअरच्या मॅनेजरने मला नीट समजावून सांगितलं. मराठवाड्यातला तरुण पोरगा आहे, मनाने चांगला. सकाळी सहा ते नऊ या वेळेत दूध, ब्रेड, अंडी, भाजी यांची मागणी सर्वात जास्त असते. त्याआधी माल उतरून, मोजून, मोबाइलवर चढवून, रॅकवर लागलेला पाहिजे. गोडाऊन चाकणच्या बाजूला. एक ट्रक तिथून निघतो आणि ओळीने स्टोअरं करत जातो. दिवसा यावं तर जड वाहनांना वेळेची बंधनं, रस्ते तुंबलेले, आणि आमच्या गल्लीत दुतर्फा गाड्या लागलेल्या. हे सगळं पटण्यासारखं आहे. शहराला सकाळी सातला चहासाठी दूध हवं असेल तर ते कोणीतरी पहाटे आणणारच. पूर्वीही आणत होते.

पण बोलता बोलता तो म्हणाला, "काका, आपलं स्टोअर लाइनमध्ये पहिलं आहे ना, म्हणून सव्वाचार. शेवटचं स्टोअर सहानंतर होतं."

शेवटचं स्टोअर कुठे आहे, असं विचारलं. ते एका मोठ्या रस्त्यावर, ऑफिसच्या इमारतीखाली. वर राहायला कोणीही नाही.

म्हणजे ज्या स्टोअरच्या डोक्यावर चार मजले माणसं झोपलेली आहेत तिथे गाडी आधी येते, आणि जिथे चिटपाखरू नाही तिथे उजाडल्यावर. ही ओळ किलोमीटर बघून ठरवलेली आहे. वर कोण राहतं हा प्रश्न ती ठरवताना कोणाच्या डोक्यात आलेलाच नाही. ओळ उलटी केली तर गाडीचे दोन-चार किलोमीटर वाढतील, थोडं डिझेल जास्त जाईल. आमच्या सकाळच्या दुधाला अर्धा तास उशीर होईल, तो आम्ही सोसू. माझी या कंपनीकडे मुख्य मागणी हीच आहे. रिव्ह्यूमध्ये बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा: वस्तीतल्या स्टोअरचा नंबर शेवटी लावा.

हे सांगायचं कोणाला, हा पुढचा प्रश्न. ॲपमध्ये तक्रारीसाठी पर्याय आहेत: वस्तू आली नाही, खराब आली, उशिरा आली, पैसे कापले गेले. शेजाऱ्यासाठी पर्याय नाही. मी एका जुन्या ऑर्डरवर जाऊन "इतर" दाबलं आणि सगळं मराठीत व्यवस्थित लिहिलं. आधी ऑर्डर क्रमांक विचारला गेला. मग दिलगिरी आली. मग माझ्या खात्यात पन्नास रुपये जमा झाले. मला पैसे नको होते. गाड्यांची वेळ ठरवणाऱ्या माणसाचा फोन नंबर किंवा ईमेल हवा होता. तो मागितला तर संभाषण बंद झालं. गिऱ्हाईक म्हणून मला दहा मिनिटांत उत्तर मिळतं आणि वर राहणारा माणूस म्हणून उत्तरच नाही, ही या सेवेतली सगळ्यात मोठी उणीव आहे आणि मी गुण कापतोय ते मुख्यतः यासाठी.

कायदा काय म्हणतो तेही बघितलं. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. त्यापेक्षा १० किंवा जास्त डेसिबलने आवाज वाढला तर तक्रार करता येते. निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायला तर सरळ बंदी आहे, आणीबाणी सोडून. विनाकारण हॉर्न वाजवला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफ खाली पहिल्यांदा १००० आणि पुढे २००० रुपये दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीत हे कलम आलं. आमच्याकडे येणारे ड्रायव्हर गल्लीच्या तोंडाशी पोचले की स्टोअरच्या पोरांना उठवायला हॉर्न देतात. खिशात मोबाइल असताना.

पण नियमातली ४५ ची मर्यादा ही ठरावीक वेळाची सरासरी आहे, आणि इथेच आमच्यासारख्यांची पंचाईत होते. शटरचा दणका एका सेकंदाचा. गॅलरीत मोबाइल धरला तर आकडा ८० च्या वर उडी मारतो आणि लगेच खाली येतो. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहा पट, कानाला साधारण दुप्पट मोठा. तेव्हा ४५ आणि ८० यांच्यात केवढं अंतर आहे ते बघा. मोबाइलचं माप कुठल्याही कार्यालयात पुरावा म्हणून धरत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी ते फक्त कुठला आवाज दुसऱ्यापेक्षा मोठा आहे हे ताडायला वापरतो. हा दणका आठ तासांत पसरवून सरासरी काढली की तो बराच पातळ होतो. झोपलेल्या माणसाला सरासरी ऐकू येत नाही, दणका ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच बेडरूमसाठी दोन वेगळे आकडे सांगितले होते: सततचा आवाज ३० डेसिबल आणि एकेक सुटा आवाज ४५ च्या आत. सुट्या आवाजाचा वेगळा हिशेब आपल्या नियमांत यायला हवा.

नेदरलँड्समध्ये तो आहे. मुलगी आयिंडहोव्हनला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिच्या घराखालच्या सुपरमार्केटमध्ये पहाटे ट्रक आला आणि मला तो नुसता दिसला, ऐकू जवळजवळ आलाच नाही. मी खाली जाऊन बघत उभा राहिलो. हे धंद्याचं कुतूहल, जात नाही. ट्रॉलीला मऊ चाकं. ट्रकच्या आत जमिनीला आवाज दाबणारा थर. माल उतरवायच्या फळीच्या कडांना रबर. ड्रायव्हरने दार हाताने धरून लावलं. जावयाने मग शोधून सांगितलं की तिथे १९९८ मध्येच दुकानांच्या माल चढवण्या-उतरवण्याच्या आवाजाला शिखराची, म्हणजे क्षणभराच्या कमाल आवाजाची, मर्यादा घातली गेली. संध्याकाळी ७ ते ११ मध्ये ६५ आणि रात्री ११ ते सकाळी ७ मध्ये ६० डेसिबल. त्यासाठी गाड्या, ट्रॉल्या, शीतयंत्रं यांचा आवाज साडेसात मीटरवरून मोजून प्रमाणपत्र देतात. मोजतात तो एकेका आदळण्याचा आवाज. त्यात आपल्याकडे न जमण्यासारखं मला काहीही दिसलं नाही. रबर आपल्याकडेही मिळतं.

म्हणून मी मॅनेजरला म्हटलं, वरून परवानगी येईल तेव्हा येईल, तुझ्या हातात जे आहे ते आपण करून घेऊ. एका दुपारी, ऑर्डरी कमी असतात त्या वेळी, शटर घेतलं. दोन्ही चॅनेल डिझेल आणि तारेच्या ब्रशने धुतले. आतून जी काळी माती निघाली त्यात एक बांगडीचा तुकडाही होता. लोक इथे ग्रीस चोपडतात. चोपडू नका. ग्रीस धूळ धरतं आणि थोड्याच दिवसांत त्याची वाळूमिश्रित लगदी होते. सिलिकॉनचा स्प्रे मारा, तो कोरडा राहतो. स्प्रिंगचा ताण शटरवाल्याकडून वाढवून घेतला. ते काम जोखमीचं आहे, ज्याचं त्यानेच करावं. शटरच्या खालच्या पट्टीला बसच्या टायरमधल्या जुन्या फ्लॅपचं रबर कापून बोल्टने बसवलं, म्हणजे शेवटी हात सुटला तरी लोखंड फरशीला लागत नाही. ट्रॉलीची चाकं बोहरी आळीतून रबरी आणली. दारापासून ट्रकपर्यंत रबरी मॅटचे दोन पट्टे, काम झालं की गुंडाळून आत. भाजीच्या पिकअपच्या ड्रायव्हरला मी फाळक्याच्या साखळ्यांवर चढवायला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे दिले, आणि फाळका ज्या जागी बॉडीला आदळतो तिथे रबराच्या दोन गोट्या ठोकून दिल्या. तो हसला, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "काका, फाळक्याची खडखड रस्त्यातपण गेली." ड्रायव्हरलाही तो आवाज डोक्यात जातच असतो. त्याला कोणी विचारलेलं नसतं.

या सगळ्याचा खर्च मॅनेजरने स्टोअरच्या किरकोळ खात्यातून टाकला. एका सुट्टीच्या दिवसात त्यांना मिळणाऱ्या धंद्यापुढे तो काहीच नाही.

शटरचा आवाज गेला. अगदी शून्य नाही, पण आता तो एक सरकण्याचा आवाज आहे, दणका नाही. ट्रॉली निम्म्यावर आली. वहिनींनी जिन्यात थांबवून सांगितलं की लागोपाठ दोन-तीन दिवस साडेसहाच्या गजरानेच जाग आली. हे मी मॅनेजरला मुद्दाम खाली जाऊन सांगितलं. तक्रारी त्याच्यापर्यंत रोज पोचतात, बरं झालेलं कोणी सांगत नाही.

एका गोष्टीचा मात्र निषेध करतो. या आधी आमच्याच बिल्डिंगमधून कोणीतरी गॅलरीतून हमालांच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं होतं. डिसेंबरची थंडी होती. वीस-बावीस वर्षांची पोरं भिजलेल्या कपड्यांनी पुढची स्टोअरं करत गेली. त्यांनी ना गाडीची वेळ ठरवली, ना ट्रॉलीची चाकं. असं करणाऱ्या माणसाच्या तक्रारीत मी कधीही सही करणार नाही.

राहिलेले आवाज आता ट्रकचे आहेत, आणि ते स्टोअरच्या हातात नाहीत. रिव्हर्सचं टूं-टूं बंद करा असं मी म्हणणार नाही. ते माणसं चिरडू नयेत म्हणून आहे. पण एकाच सुराच्या टूं-टूंऐवजी खस्स-खस्स असा पसरट आवाज करणारे अलार्म मिळतात. ते गाडीच्या मागे उभ्या माणसाला नीट ऐकू येतात आणि लांब गेल्यावर विरून जातात. टूं-टूं मात्र चार गल्ल्या पलीकडे टोचत राहतं. तोवर गाडी कोपऱ्यावरच थांबवून ट्रॉलीने माल आणला तरी चालेल. अंतर फार नाही, आणि चाकं आता रबरी आहेत. हॉर्नऐवजी मिस्ड कॉल द्यावा, हे तर फुकटातलं काम आहे. काही ड्रायव्हर आता देतात, बदली ड्रायव्हर आला की पुन्हा हॉर्न. कंपनीने हे ड्रायव्हरच्या कागदावर छापून द्यायला हवं.

ज्यांचे गाळे आहेत त्यांनाही एक सांगणं. आमच्या गाळेमालकांनी भाडेकरार करताना डिपॉझिट, भाडेवाढ, रंगकाम सगळं लिहून घेतलं. माल उतरवायच्या वेळेबद्दल एक ओळ नाही. सोसायटीनेही ना-हरकत देताना काही अट घातली नाही. करार नूतनीकरणाला येईल तेव्हा रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत काय चालेल आणि काय नाही हे लिहून घ्या. आणि तुम्ही असल्या स्टोअरच्या वर फ्लॅट भाड्याने बघत असाल तर संध्याकाळी एजंटबरोबर जाऊन भुलू नका. पहाटे साडेचारला एकदा त्या गल्लीत उभे राहा.

गुण द्यायचे तर माल आणि पोच याला पाचपैकी साडेचार. पोरांच्या वागणुकीला पाच. मॅनेजरला पाच. शेजाऱ्यांचं ऐकून घेण्याच्या कंपनीच्या व्यवस्थेला शून्य, कारण ती व्यवस्थाच नाही. पहाटेच्या गाड्यांना आधी शून्य दिलं असतं, आता दोन. एकूण तीन. ट्रकची ओळ बदलली तर मी स्वतः येऊन हे वाढवून पावणेपाच करीन.

एक काम अजून अडलंय ते दुधाच्या गाडीचं. तिचं शीतयंत्र इंजिनावर चालतं, म्हणून माल उतरेपर्यंत इंजिन बंद करता येत नाही, हे ड्रायव्हरचं म्हणणं बरोबर आहे. पण अशा गाड्यांत स्टँडबायची मोटर बसवून घेता येते. उभी असताना वायर जोडली की कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि डिझेल इंजिन बंद ठेवता येतं. वाचलेल्या डिझेलचा फायदा कंपनीचाच. स्टोअरच्या मागच्या भिंतीवर फर्निचरवाल्याच्या यंत्रासाठी घेतलेला थ्री-फेज पॉइंट अजून आहे. मॅनेजरला दाखवून ठेवलाय, त्याने फोटो काढून वर पाठवलाय. गाडीवाल्यांनी मोटर बसवायचं मनावर घ्यावं. पॉइंटपासून दारापर्यंत केबल ओढून द्यायचं काम मी आणि दापोडीतले माझे जुने इलेक्ट्रिशियन सोबती मजुरी न घेता करून देऊ.